उतारावरची सायकल



आपल्या शाळेच्या वरच्या वर्गांतील काही विद्यार्थी सुट्टीच्या दिवशी मिळून सायकलीने जंगलाकडच्या पांदणीने जातात आणि उतारावर आपसांत शर्यत लावतात. मागील पालक-सभेत यावर बरीच चर्चा झाली. हा प्रकार तत्काळ बंद करावा, असे काहींचे मत पडले. मुलींनी तर यात नसावेच, असेही एक-दोघांनी सांगितले. विश्वस्त मंडळाने आमचा अभिप्राय मागितला आहे. तो देण्यापूर्वी या खेळाची माहिती सर्वांना असावी, म्हणून हा पाठ.

या खेळाला जगात माउंटन बायकिंग म्हणतात. तो कोणा मोठ्या कंपनीने काढलेला नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात, सॅन फ्रान्सिस्को शहराच्या उत्तरेस मरिन नावाचा डोंगराळ जिल्हा आहे. तेथील काही तरुण मित्र १९७० नंतरच्या वर्षांत १९३०-४० च्या काळातील जुन्या, जाड टायरच्या सायकली भंगारातून उचलून आणीत व डोंगरावर नेत. या सायकलींना ते ‘क्लंकर’ म्हणत. आपण खटारा म्हणू. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्स गावाजवळच्या कच्च्या रस्त्यावर त्यांनी पहिली शर्यत घेतली. सुमारे ३ किलोमीटर अंतरात हा रस्ता जवळजवळ ४०० मीटर खाली उतरतो. सर्वांना एकदम न सोडता एकेकाला ठराविक अंतराने सोडत. वेळ मोजण्यासाठी वर एक व खाली एक, अशी दोन घड्याळे मिळवून ठेवली होती. त्यातले एक नौदलाचे क्रोनोमीटर होते आणि दुसरे साधे गजराचे घड्याळ! चार्ली केली नावाचा मित्र प्रत्येकाची वेळ वहीत लिहून ठेवी. त्या वहीमुळेच आज आपल्याला ठाऊक आहे की गॅरी फिशरने हा उतार ४ मिनिटे २२ सेकंदांत पार केला आणि जो ब्रीझने ४ मिनिटे २४ सेकंदांत. वेंडी क्रॅग ही या मंडळींतली एक स्त्री. तीही त्याच उतारावरून ५ मिनिटे २७ सेकंदांत उतरली होती, आणि त्या दिवसांची उत्तमोत्तम छायाचित्रे तिनेच काढलेली आहेत.

त्या रस्त्याचे नाव ‘रिपॅक’ पडले. रिपॅक म्हणजे पुन्हा भरणे. काय पुन्हा भरायचे? येथे आमचा खरा पाठ सुरू होतो.

त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. पायडल उलटे दाबले की ब्रेक लागे. एका फेरीतच हब इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे, आणि हब खोलून त्यात नवे ग्रीस भरावे लागे. इतकी उष्णता आली कोठून? नववीच्या विद्यार्थ्यांनी वही घ्यावी. मुलगा व सायकल मिळून ८० किलो वजन धरा. उंची ४०० मीटर. स्थितिज ऊर्जा = वस्तुमान × गुरुत्व त्वरण × उंची, म्हणजे ८० × ९.८ × ४०० = ३,१३,६०० ज्यूल. काही ऊर्जा हवा घेते, काही रस्ता घेतो, पण वेग आवरायचा तर उरलेली सगळी ब्रेकमध्ये घर्षणाने उष्णता होते. आता पाहा, २५ अंशांवरचे १ लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला लागते ती जवळपास एवढीच उष्णता. चहाचे अख्खे पातेले मुठीएवढ्या हबमध्ये उकळायचे, असा हिशेब झाला. (आम्ही स्वतः हिंदी माध्यमातून शिकलो. ‘घर्षण’, ‘ऊर्जा’ हे शब्द दोन्ही भाषांत एकच आहेत, तेव्हा परीक्षेची सबब चालणार नाही.)

आपल्याकडच्या साध्या सायकलीला सळईचे ब्रेक असतात. त्यांचे रबर लोखंडी रिमवर घासते. रिम मोठी व उघडी असल्यामुळे ती हबइतकी तापत नाही, हा फायदा आहे. परंतु ओल्या लोखंडी रिमवर रबराची पकड फारच कमी होते. उन्हाळ्यात जेथे सायकल थांबते, त्याच्या कितीतरी पुढे ती पावसाळ्यात जाऊन थांबते. उतारावर नुसता पुढचा ब्रेक जोरात दाबला तर भार पुढच्या चाकावर जाऊन मागचे चाक उचलले जाते. म्हणून दोन्ही ब्रेक हळूहळू दाबावे आणि अंग मागे घ्यावे.

चढाची गोष्ट वेगळी आहे. आपल्या सायकलचे पुढचे व मागचे दात मोजा. पुढे ४४ व मागे १८ असतील, तर पायडलच्या एका फेरीत चाक २.४४ वेळा फिरते, म्हणजे २८ इंची चाक जवळपास साडेपाच मीटर पुढे जाते. गिअरच्या डोंगरी सायकलला पुढे २२ व मागे ३४ दात लावता येतात. तेथे एका फेरीत सव्वा मीटरच्या थोडे वर. अंतर कमी, जोरही कमी. म्हणून डोंगरी सायकल चढते आणि आपली ढकलावी लागते.

रिपॅकच्या मित्रांतील जो ब्रीझने १९७७ मध्ये खास डोंगरासाठी सायकल बनवली. १९९० मध्ये या खेळाची जागतिक स्पर्धा झाली आणि १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याला स्थान मिळाले. वीस वर्षांत भंगारातून ऑलिंपिकपर्यंत!

आपल्या मराठी मंडळींतही सायकलचे वेड कमी नाही. संगमनेरच्या प्रणिता सोमण हिने डोंगरी सायकलिंगमध्ये राष्ट्रीय पदके मिळवली आहेत. सडकेच्या शर्यतीत नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये दोघांच्या संघाने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर! २०१७ मध्ये आपल्या जवळच्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने १२ दिवसांच्या मुदतीत पूर्ण केली. हे तिघेही व्यवसायाने डॉक्टर आहेत. सायकल ही त्यांची हौस, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

आता आमचा अभिप्राय. बंदी घालू नये. बंदी घातली तर मुले जाणारच, फक्त सांगून जाणार नाहीत, आणि पडली तर कोठे पडली हेही आपल्याला कळणार नाही. पालकांची भीती खोटी आहे असे मात्र आम्ही म्हणत नाही. आमगावच्या सडकेवर धानाचे ट्रक धावतात. तेथे शर्यत बिलकुल नको. पावसाळ्यात उतार बंद. मोहाच्या दिवसांत पहाटे जंगलाकडे जाऊ नये, कारण मोहासाठी अस्वलेही येतात, आणि जंगलात शिरायचे तर वनविभागाची परवानगी हवीच. एकाच वेळी दहा जण उतारावर सुटतात, हे तत्काळ थांबले पाहिजे. रिपॅकप्रमाणे एकेकानेच उतरावे, घड्याळ लावावे, वही ठेवावी. हेल्मेटशिवाय कोणी उतरणार नाही. सर्वांकडे हेल्मेट नाहीत हे आम्ही जाणतो. एकेक जण उतरणार म्हटल्यावर पाच-सहा हेल्मेटमध्ये काम भागते, आणि तेवढा खर्च विश्वस्त मंडळाने करावा, अशी विनंती आहे.

मुलींच्या विषयी आमचे मत स्पष्ट आहे. आसपासच्या खेड्यांतून आपल्या मुली रोज बांधीच्या धुऱ्यावरून, चिखलातून, दप्तर लावून सायकलने शाळेत येतात. सायकलवर त्यांचा हात मुलांपेक्षा पक्का आहे. रोजच्या कामाला सायकल चालते आणि खेळाला चालत नाही, हे आम्हाला पटत नाही. ज्या मुलींना यायचे असेल, त्यांच्यासोबत एक शिक्षिका येतील.

विश्वस्त मंडळाचा निर्णय येईपर्यंत उतारावरील शर्यती स्थगित राहतील. तोपर्यंत सहावी ते दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या सायकलचे पुढचे-मागचे दात मोजून, ब्रेकचे रबर किती उरले आहे ते पाहून, सोमवारी प्रार्थनेनंतर विज्ञानाच्या शिक्षकांकडे लिहून द्यावे. ज्यांचे रबर झिजलेले निघेल, त्यांच्या पालकांना आम्ही चिठ्ठी पाठवू.