बांधावरून जाणारे पाणी

भिलाई म्हटले की सगळ्यांना पोलाद कारखाना आठवतो. वर्गात नदीच्या प्रदूषणाचा विषय निघाला की मुले आधी माझ्याकडे बघतात, कारण माझे घर भिलाईत आहे. पण दुर्ग-भिलाईची माणसे ज्या शिवनाथ नदीचे पाणी पितात, तिला मिळणारे कितीतरी नाले भाताच्या शेतांमधून वाहत येतात. कारखान्याचे किंवा शहराचे सांडपाणी एका तोंडातून बाहेर पडते. तिथे बोट दाखवता येते, बाटली भरून तपासता येते. शेतातले पाणी मात्र शेकडो बांधांवरून थोडे थोडे येते आणि पावसाळा संपला की खूणही उरत नाही. म्हणून त्याचा अभ्यास कमी होतो, असे मला वाटते.

पहिली गोष्ट मातीची. मॅप रीडिंगच्या तासाला आपण समोच्च रेषा शिकतो. रेषा जवळजवळ असल्या की चढ तीव्र, आणि पाठीवर पिठ्ठू घेऊन पळणाऱ्याचे हाल. पाण्याचे उलटे आहे, त्याला असा उतार फार आवडतो. भौतिकशास्त्राचा एक नियम सांगतो की प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर तो ६४ पट वजनाचा दगड ढकलू शकतो. म्हणजेच वेग निम्मा केला तर पाण्याच्या हातून बरेच काही सुटून खाली पडते. समोच्च रेषेवरचे चर, दगडी बांध, गवताची पट्टी या सगळ्यांचे काम एकच: पाण्याला धावू न देणे.

छत्तीसगडचे शेतकरी जमिनीला उताराप्रमाणे नावे देतात. वरची लाल मुरमाड ती भाठा, मग पिवळसर मटासी, त्याखाली डोरसा आणि सगळ्यात खाली, नाल्याजवळ, काळी कन्हार. आपल्या विदर्भातल्या काळ्या मातीची ही बहीणच. भाठ्यावर पीक कमी, गवतही विरळ, त्यामुळे पाऊस तिथून सुसाट निघतो. खाली भाताचे बांध त्याला अडवतात. भाताचे प्रत्येक खाचर म्हणजे एक छोटी गाळ बसवण्याची टाकीच असते. शिवाय बांधावर तूर लावायची इकडे जुनी पद्धत आहे. तिच्या मुळांनी बांध घट्ट राहतो आणि घरात डाळही येते.

हे तपासायला मी जूनच्या शेवटी दोन बाटल्या भरल्या. एक उघड्या भाठ्यावरून आलेल्या ओहोळातली आणि दुसरी तीन-चार खाचरे ओलांडून नाल्यात पडणाऱ्या पाण्याची. रात्रभर खिडकीत ठेवल्या. पहिलीच्या तळाशी बोटभर गाळ बसला, दुसरीत जेमतेम एक थर. आईने दोन्ही बाटल्या स्वयंपाकघरापासून लांब ठेवायला लावल्या, हे वेगळे.

इथपर्यंत सगळे पुस्तकातल्यासारखे आहे. पण दुसऱ्या बाटलीचे पाणी स्वच्छ होते का? गाळ कमी म्हणजे पाणी चांगले, असे नाही. स्फुरद बहुतांशी मातीच्या कणांना चिकटून जातो, त्यामुळे गाळ अडला की तोही बराचसा अडतो. नत्राचे तसे नाही. युरियात ४६ टक्के नत्र असते. त्याचा आधी अमोनियम होतो. अमोनियमवर धन भार असल्यामुळे चिकणमाती त्याला धरून ठेवते. पुढे हवा मिळाली की त्याचे नायट्रेट होते. त्यावर ऋण भार असल्यामुळे माती त्याला धरत नाही, ते पाण्याबरोबर निघून जाते. आणि युरिया टाकल्यावर लगेच मोठा पाऊस येऊन खाचर बांधावरून वाहिले, तर विरघळलेला युरिया तसाच नाल्यात जातो. डोळ्यांना पाणी नितळ दिसते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट नको, असे भारतीय मानक सांगते. हे नत्र आणि स्फुरद साचलेल्या पाण्यात पोचले की शेवाळ माजते. ते कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो आणि मासे मरतात.

अमेरिकेतल्या इरी सरोवराची गोष्ट यासाठी वाचण्यासारखी आहे. तिथल्या शेतकऱ्यांनी माती वाचवण्यासाठी नांगरट कमी केली. नद्यांमधला गाळ घटला, गाळाबरोबर जाणारा स्फुरदही घटला. पण १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पाण्यात विरघळलेला स्फुरद वाढत गेला. न नांगरलेल्या जमिनीत वरून फेकलेले खत वरच्या थरातच राहत होते, आणि जमिनीखाली घातलेल्या निचऱ्याच्या नळांतूनही ते पुढे जात होते. जोरदार पावसाचे दिवस वाढले, हेही एक कारण मानतात. ऑगस्ट २०१४ मध्ये सरोवरात विषारी शेवाळ इतके माजले की टोलेडो शहरातल्या चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही नको, असे सांगावे लागले. उकळल्याने ते विष जात नाही. माती वाचवण्याचा उपाय चुकीचा नव्हता. त्याच्या जोडीला खत कुठे आणि कसे पडते, हेही बघायला हवे होते.

याचे उत्तर शोधताना मला कोकणच सापडले. तिथल्या चारसूत्री भातलागवडीत चार रोपांच्या चौकोनाच्या मध्ये खताची गोळी ७ ते १० सेंटिमीटर खोल चिखलात खोचतात. खत मुळांजवळ राहते, वरच्या पाण्यात फारसे येत नाही, म्हणून खाचर वाहिले तरी नुकसान कमी. त्याच पद्धतीत गिरिपुष्पाचा पालाही खत म्हणून चिखलात गाडतात. मजुरी लागते, हे खरे.

छत्तीसगडमध्ये २०१९ पासून 'नरवा, गरवा, घुरवा, बारी' हे चार शब्द सगळीकडे ऐकू येऊ लागले. नरवा म्हणजे नाला, गरवा म्हणजे गुरे, घुरवा म्हणजे आपला उकिरडा आणि बारी म्हणजे परसबाग. नाल्यात दगडांचे बांध घातले, की तेवढ्याचेच फोटो निघतात. मला यात घुरवा जास्त महत्त्वाचा वाटतो. उघडा उकिरडा उतारावर असला तर पहिल्या पावसात त्याचे काळे पाणी थेट नाल्यात जाते. तेच शेण खड्ड्यात नीट कुजवले तर शेतात जाते आणि तेवढा युरिया कमी लागतो. महाराष्ट्रातही हिवरे बाजारसारख्या गावांची गोष्ट सांगताना विहिरीत पाणी किती आले हे आपण अभिमानाने सांगतो. ते पाणी कसे आहे, हे फार कमी जण विचारतात.

नाल्याच्या काठी गवताची पट्टी सोडावी, असे सगळी पुस्तके सांगतात. बाबांच्या ओळखीचे एक काका नाल्याला लागून एक एकर भात करतात. त्यांच्या काठाची लांबी आम्ही पावलांनी मोजली, साधारण ६० मीटर. तीन मीटर रुंद पट्टी सोडली तर १८० चौरस मीटर जमीन जाते, म्हणजे एकराचे साडेचार टक्के. काका म्हणाले, "बेटा, पाणी शहर पिणार आणि धान माझे कमी होणार?" यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. मग मी विचारले, पट्टीत वाळ्याऐवजी बैलाला चालेल असे गवत लावले तर? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, एका बाजूला वीस पावले लावून बघू.