उंदीर मेला, विष उरलं

मागच्या दारी रान असलेल्या कौलारू घरात उंदीर झाले की दुकानातून औषधाची निळसर-हिरवी वडी येते, रात्री माळ्यावर टाकली जाते, आठवड्याभरात कुरतडणं थांबतं आणि विषय संपतो. माझ्या मते तो तिथेच सुरू होतो. या वड्यांमध्ये बहुधा ब्रोमाडिओलोन असतं, तेही अवघं ०.००५ टक्के. जीवनसत्त्व ‘के’ शरीरात पुन्हा वापरात येतं, ती वाटच हे विष बंद करतं. रक्त गोठेनासं होतं आणि उंदीर आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. मात्र त्याला चार-पाच दिवस तरी लागतात, आणि हा उशीर मुद्दाम ठेवलेला आहे. खाल्ल्याबरोबर त्रास झाला तर उंदीर पुन्हा त्या वडीला तोंड लावत नाहीत, इतके ते सावध. त्या दिवसांत तो वडी खातच राहतो, मरायला पुरेल त्याहून जास्त विष पोटात साठवतो, मग सुस्तावून भर दिवसा परसात, गडग्याच्या कडेने रेंगाळू लागतो. असा उंदीर गव्हाणी घुबडाला, धामणीला, मुंगसाला आयताच सापडतो.

एवढ्याशा विषाने घुबडाला काय होणार, असं विचारलं जातं. एका उंदराने कदाचित काहीच होणार नाही. पण हे विष यकृतात महिनोन्‌महिने टिकतं, आणि घुबडाचं पोट एका उंदरावर भरत नाही. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये राहणारा पी-२२ नावाचा प्यूमा २०१४ मध्ये खरजेने झडलेला सापडला, तेव्हा त्याच्या रक्तात याच जातीची उंदीरनाशकं निघाली. २०२१ पासून कॅलिफोर्नियाने अशा विषांच्या बहुतेक वापरावर बंदी घातली. आपल्याकडच्या बिबट्याचं रक्त कोण तपासतंय? शिवाय हिशेबही उलटा पडतो. घरउंदराची मादी तीन आठवड्यांत विते, पाच-सहा पिल्लं देते आणि ती पिल्लं दीड-दोन महिन्यांत स्वतः व्यायला तयार होतात. धामण अंडी घालते ती वर्षाकाठी एकदा. म्हणजे विषाने दोघं मेले तरी भरून निघतो तो उंदीरच.

यावर ‘लेप्टो झाला तर तुम्ही येणार का?’ हा सवाल रास्त आहे. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या पाण्यातून तो आजार होतो, आणि घरात उंदीर राहू द्यावेत असं मी म्हणत नाही. मारायचेच तर चापाने मारा. जागच्या जागी मरतो आणि पोटात विष नसतं. चाप भिंतीला काटकोनात, आमिषाचं टोक भिंतीकडे करून ठेवावा, कारण उंदीर भिंतीला घासत पळतो. मात्र चिकट पाट्या घरात आणूच नयेत. त्यावर उंदीर तासन्‌तास धडपडतो, आणि त्याच्या मागावर आलेलं धामणीचं पिल्लू अख्ख्या पोटाने चिकटतं. ओढून काढायला जावं तर खवलं सोलून निघतात. चिचुंद्रीही त्यातच अडकते, ती बिचारी उंदीरसुद्धा नव्हे, झुरळं खाणारी. मांजर पाळा म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की रात्री बाहेर हिंडणारं मांजर आधी पाखरं संपवतं आणि मग बिबट्याला अंगणाची वाट दाखवतं.

खरं काम भोकं बुजवण्याचं, आणि तेच कंटाळवाणं म्हणून राहून जातं. जिथून साधी पेन्सिल आत जाते, तिथून लहान घरउंदीर जातो. मोरीचा पाइप भिंतीतून जातो तिथली फट, दाराखालची सांद, वासा भिंतीला टेकतो ती जागा, सगळीकडे पेन्सिल लावून पाहावी. नुसतं सिमेंट ओलं असताना उकरलं जातं, म्हणून आत भांडी घासायची तारेची घासणी कोंबून वरून सिमेंट लिंपावं. तांदूळ झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, कुत्र्याची थाळी रात्री उचललेली, एवढं तरी हवंच. लेंड्या कोरड्या झाडू नयेत. जंतुनाशकाचं पाणी शिंपडून मग फडक्याने पुसाव्यात. बुजवण्यातही घाई नको, नाहीतर उंदीर आत कोंडून मरतात आणि वास पंधरा दिवस जात नाही. आधी चाप लावावेत आणि रोज रात्री भोकाच्या तोंडाशी चिमूटभर पीठ भुरभुरावं. सकाळी त्यावर पावलं उमटलेली दिसली तर वाट चालू आहे. तीन रात्री पीठ जसंच्या तसं राहिलं, की सिमेंट कालवावं.