कमी खर्चातला पाइप

दहिवली, ता. कर्जत
चि. भाच्यास,

पाइपवर पैसा एकदाच जातो, तंबाखूवर जातच राहतो. सर्वांत स्वस्त साधन कुंभाराची मातीची चिलीम. तिच्या गळ्यात खडा टाकतात, तोंडाशी ओल्या फडक्याची छापी गुंडाळतात. पण चिलमीचा झुरका छातीपर्यंत जातो. पाइपचा धूर तोंडातच फिरवून सोडायचा असतो. चिलमीची सवय असलेल्याची जीभ म्हणूनच पाइपवर भाजते.

नवशिक्याला मक्याच्या कणसाचा पाइप पुरतो. अमेरिकेतल्या मिसुरीत १८६९ पासून तो बनतो आहे. भूमध्य समुद्राकाठच्या ब्रायर झुडपाच्या गाठीचा पाइप जास्त टिकतो, पण महाग. आतून रंग वा रोगण दिलेला शोभेचा पाइप कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

तंबाखू तीनदा भरावी: आधी सैल, मग किंचित दाबून, शेवटी जरा घट्ट. न पेटवता ओढून पाहिल्यावर थोडा अडथळा जाणवला पाहिजे. पहिल्या काडीने तंबाखू फुगून वर येते. ती खिळ्याच्या चपट्या डोक्याने हलके दाबून दुसरी काडी लावावी. पुढे झुरके सावकाश घ्यावेत. वाटी हाताला चटका देऊ लागली की पाइप खाली ठेवावा. विझला तर विझू द्यावा, पुन्हा पेटवता येतो. गरम असताना देठ उपसू नये, सांधा सैल होतो. राख झाडून, नळी पुसून पाइपला दिवसभर विश्रांती द्यावी.

कर्जतच्या पावसात तंबाखूला बुरशी लवकर धरते. थोडीच आणावी, काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावी. चिमटीत दाबून सोडल्यावर गोळा तसाच राहिला तर पंख्याखाली पसरावी. बुरशी दिसली तर सगळी टाकून द्यावी, पैशांकडे पाहू नये.

धूर छातीत घेतला नाही म्हणजे अपाय नाही, हा समज मात्र साफ खोटा आहे. पाइपच्या धुरातले निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात उतरते. व्यसन तसेच जडते. ओठ, जीभ आणि घशाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. तरुण माणसाने सुरुवातच न करणे सर्वांत हिताचे, आणि खर्चाचा हिशेबही तिथेच मिटतो. ओढणाऱ्याच्या तोंडात पांढरा वा लाल चट्टा उठला, किंवा जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. टाटा स्मारक रुग्णालयाचे केंद्र खारघरला आहे. तंबाखू सोडायची असेल तर १८००-११-२३५६ या क्रमांकावर सल्ला फुकट मिळतो.

२००३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालील कोणालाही तंबाखू विकता येत नाही. सार्वजनिक जागी ओढल्यास २०० रुपयांपर्यंत दंड आहे. कर्जत स्टेशनचा फलाटही त्यातच येतो.

— मामा