हरवलेल्या आज्ञेचे पॅकेज कसे शोधावे?

सी-डॅकने २००७ साली प्रसृत केलेली ‘बॉस’ ही संगणक प्रणाली डेबियनवर आधारलेली आहे. जामनेर तालुक्यातील एखाद्या शाळेत अथवा ग्रामपंचायतीत अशा संगणकावर शासन निर्णयाच्या पीडीएफमधील मजकूर काढण्यासाठी ‘पीडीएफटूटेक्स्ट’ ही आज्ञा दिली असता ‘आज्ञा सापडली नाही’ असे उत्तर येऊ शकते. यावरून संगणक बिघडला असे समजू नये. बहुधा त्या साधनाचे पॅकेज बसविलेले नसते.

साधन व पॅकेज यांची नावे नेहमीच सारखी नसतात, ही खरी अडचण. उपरोक्त साधन ‘पॉपलर-युटिल्स’ या पॅकेजात असते. अशा वेळी प्रथम ‘एपीटी-फाइल’ बसवावे, ‘एपीटी-फाइल अपडेट’ने सूची अद्ययावत करावी आणि ‘एपीटी-फाइल सर्च’पुढे साधनाचे नाव रोमन लिपीत टंकावे. अनेक ओळी आल्यास ‘बिन’ निर्देशिकेतील फाइल दाखविणारी ओळ पाहावी. ‘डीपीकेजी -एस’ ही आज्ञा मात्र बसविलेल्या पॅकेजांतच शोध घेते.

अनोळखी संकेतस्थळावरून साधन उतरवून घेण्याचा मोह टाळावा. अधिकृत भांडाराची स्वाक्षरी प्रणाली स्वतः पडताळते. कार्यालयीन संगणकात गावाचे दप्तर असते. त्याची सुरक्षितता या दक्षतेवरच अवलंबून आहे.