‘बांधा’: एका लहान शब्दाचे अर्थभेद

रायपूर शहराच्या पूर्वभागात तेलीबांधा नावाची वस्ती आणि त्याच नावाचा तलाव आहे. या नावातील पूर्वपद मराठी वाचकास अडवीत नाही. ‘तेली’ हा शब्द महाराष्ट्रात आणि छत्तीसगढात एकाच अर्थाने चालतो. अडचण उत्तरपदाची आहे. मराठीत ‘बांधा’ म्हणजे शरीराची ठेवण. स्थलनामास तो अर्थ लागू पडत नाही, हे उघड आहे.

हिंदीच्या आधारे अर्थ लावू पाहणारा ‘बाँधा’ हे भूतकाळी क्रियारूप मानील आणि ‘तेल्याने बांधला’ असे वाक्य या नावात शोधील. परंतु हिंदीत अशा ठिकाणी कर्त्यास ‘ने’ लागतो आणि छत्तीसगढीत क्रियापद ‘बाँधिस’ असे होते. व्याकरण या व्युत्पत्तीस अनुकूल नाही. येथे ‘बांधा’ हे नामच होय: प्रथम पाणी अडविणारा बांध आणि पुढे लक्षणेने त्यामागे साठलेले पाणी, म्हणजे तलाव. हे नाव तेली समाजाशी असलेला संबंध सुचविते. तलाव कोणी खोदविला याचा निर्णय मात्र केवळ नावावरून होत नाही.

संस्कृत ‘बन्ध्’ धातूपासून निघालेल्या या शब्दकुलाने प्रदेशपरत्वे निरनिराळे अर्थ धारण केले आहेत. देशावर ‘बांध’ ही शेताची हद्द आहे. ‘बांध कोरणे’ हा शब्दप्रयोग शेजाऱ्यांच्या भांडणातूनच रूढ झाला. भंडारा-गोंदियाकडे ‘बांधी’ म्हणजे चहूबाजूंनी बांध घातलेला धानाचा तुकडा. तेथे बांधाने वेढलेल्या जमिनीस नाव मिळाले, तर छत्तीसगढात बांधाने अडविलेल्या पाण्यास. फारसी ‘बंद’ याच कुलातील असून त्याचाही एक अर्थ धरण असा आहे. इंग्रजांनी हा शब्द हिंदुस्थानातून उचलला आणि शांघायच्या नदीकाठापर्यंत नेला. पुण्यात मुळा-मुठेवरील बंधाऱ्यामुळे उद्यानास मिळालेले नाव ‘बंड गार्डन’ असे रूढ झाले. मराठीत ‘बंड’ म्हणजे उठाव. त्यामुळे घरचाच शब्द परका होऊन परतला.

नागपूरकर भोसल्यांच्या अंमलामुळे मराठी व छत्तीसगढी यांचा संबंध जुना आहे. बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ या काळात रतनपुराहून कारभार पाहिला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. एवढ्या सहवासानंतरही ‘बांधा’चा जलवाचक अर्थ प्रमाण मराठीत रुजला नाही. समान धातू हा समान अर्थाचा पुरावा नव्हे, हेच यावरून दिसते.

हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. रायपुरातच ‘रजबंधा मैदान’ आहे. तेथे आज तलाव नाही. पूर्वीच्या पाण्याची साक्ष नावातच उरली आहे. तेलीबांध्याच्या काठासही आता लोक ‘मरीन ड्राइव्ह’ म्हणू लागले आहेत. तेथे पाणी अद्याप आहे, पण त्या पाण्याचे नाव मागे पडत आहे. उत्तरपदाचा अर्थ विसरला गेल्यास बुजलेल्या तलावाची अखेरची नोंदही पुसली जाईल. म्हणून स्थलनामाचा अर्थ प्रथम त्या भूमीवरील बोलीस विचारावा, धातुपाठास त्यानंतर.