उसाच्या कडेचे घर

कुकडी नदीवर येडगाव येथे १९७७ साली धरण पुरे झाले, आणि तेथून निघालेल्या डाव्या कालव्याने पाणी पारनेर, श्रीगोंदे, कर्जत व करमाळा ह्या तालुक्यांपर्यंत नेले. ह्या पाण्याने आपल्या मुलखाचे रूप पालटले. जेथे शेतकरी पावसाकडे डोळे लावून बाजरी पेरीत असे, तेथे ऊस, कांदा, टोमॅटो व द्राक्षे होऊ लागली. पिकांबरोबर राहणीही बदलली. गावठाणातील भिंतीस भिंत लागून असलेली घरे सोडून लोक आपापल्या मळ्यात वस्ती करून राहू लागले. पूर्वीच्या घरास शेजाऱ्याच्या घराचा आडोसा असे. आताच्या घरास तीन बाजूंनी उसाचा आडोसा असतो.

आणि ह्याच उसात बिबट्या राहतो, हे आमच्या विद्यार्थ्यांस सांगावयास नको. ऊस बारापासून अठरा महिन्यांपर्यंत शेतात उभा असतो. त्यात सावली आहे, लपण आहे, कालव्याचे पाणी जवळ आहे, आणि भक्ष्यासाठी रानडुकरे व भटकी कुत्री आहेत. मादी तेथेच विते व पिल्ले तेथेच वाढतात. त्या पिल्लांनी डोंगर पाहिलेलाच नसतो. त्यांचे अरण्य म्हणजे ऊसच. तेव्हा 'बिबट्या जंगल सोडून गावात आला' असे जे आपण म्हणतो, ते आता पुष्कळ अंशी खरे राहिलेले नाही.

प्रस्तुत लेखात बिबट्याचे वर्णन करावयाचे नसून घराचे करावयाचे आहे. बिबट्याच्या भागात राहणाऱ्या कुटुंबाने थोड्या खर्चात आपले घर, गोठा व अंगण कसे राखावे, हा विषय आहे. परंतु त्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर देणे अवश्य आहे, कारण पालकसभेत तो दर वेळी निघतो. तो असा की, 'हे सर्व आम्ही का करावे? सरकारने बिबटे पकडून न्यावेत, म्हणजे झाले.'

हा उपाय आपल्याच भागात करून पाहण्यात आला आहे. २००१ ते २००३ ह्या काळात जुन्नर वनविभागात शंभरहून अधिक बिबटे पिंजरे लावून पकडले गेले, व त्यांतील पुष्कळ दूरच्या अरण्यांत नेऊन सोडले. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्या प्रकरणाचा पुढे बारकाईने अभ्यास केला. ही मोहीम सुरू होण्यापूर्वी माणसांवर दरसाल सरासरी ४ हल्ले होत असत. मोहिमेनंतर ते कितीतरी पटींनी वाढले, आणि हल्ल्यांपैकी प्राणघातक ठरणाऱ्यांचे प्रमाण दुप्पट झाले. कारण उघड आहे. अपरिचित रानात सोडलेले जनावर भेदरते, भटकते, परत फिरू पाहते. आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरे जनावर घेते. माणसास चटावलेल्या जनावराची गोष्ट वेगळी. त्याचा बंदोबस्त वनखात्याने करावयासच पाहिजे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेडच्या बाजूस थोडक्या दिवसांत तीन जीव गेले व त्यांत दोन बालके होती, तेव्हा लोकांचा संताप झाला तो अगदी रास्त होता. त्या दिवसांत तेथील स्त्रीपुरुष शेतात जाताना स्वतःच्या गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालीत असत. असे पट्टे हिमालयातील मेंढपाळ आपल्या कुत्र्यांस घालतात! तरीपण एक बिबट्या गेला म्हणून ऊस रिकामा होत नाही, आणि रात्र तर रोजच होते. म्हणून घराकडे वळणे प्राप्त आहे.

आपल्या उत्तरेस लागून असलेल्या अकोले तालुक्यात ह्याच विदुषींनी बिबट्यांच्या विष्ठेची तपासणी केली, तेव्हा एक मोठी बोधप्रद गोष्ट आढळली. बिबट्यांच्या पोटात गेलेल्या एकंदर भक्ष्यापैकी ३९ टक्के कुत्री होती, आणि शेळ्या अवघ्या ११ टक्के. वास्तविक त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट होत्या! मग शेळ्या वाचल्या कशाने? दिवसा त्यांजबरोबर राखणदार असतो व रात्री त्या दाराआड असतात; कुत्रे मात्र रात्रभर उघड्यावर असते. ह्यावरून मुलांनी इतके ध्यानात घ्यावे की, बिबट्या आपल्यासाठी म्हणून सहसा येत नाही. अंगणात आपण जे उघडे ठेवितो त्यासाठी येतो. मूल त्याच अंगणात खेळत असते, हा त्यातील खरा धोका.

प्रथम गोठा घेऊ. शेळ्यांचा वाडा कुडाचा असो की विटांचा, त्याचे मर्म छपरात आहे. बिबट्या उभ्या उडीत सुमारे दहा फूट चढतो, म्हणून पुरुषभर उंचीची उघडी भिंत ही त्यास भिंतच नव्हे. पुष्कळ ठिकाणी चारी बाजूंस उत्तम जाळी ठोकलेली असते आणि वर आकाश असते. असा वाडा नसण्यापेक्षा वाईट, कारण आत उतरलेले जनावर बाहेर पडता न आल्याने दिसेल त्या शेळीस मारीत सुटते. वरही तीच तारेची जाळी बसवावी. पत्रे असल्यास ते नुसते दगड ठेवून न दाबता आकड्यांनी आवळून घ्यावेत. जाळीची खालची कड जमिनीत वीतभर पुरून वर दगड रचावे. दार सुतळीने बांधू नये; लोखंडी कडी-कोयंडा लावावा. नवी जाळी घेणे परवडत नसेल तर निदान रात्रीपुरती जनावरे एका लहानशा बंदिस्त खोलीत कोंडावी. संपूर्ण गोठा बंदिस्त करण्याची गरज नाही. लहान पण पक्की जागा ही मोठ्या व कच्च्या जागेहून बरी.

कुत्र्याविषयी आपल्या लोकांची समजूत मला नेहमीच विचित्र वाटते. राखणीसाठी म्हणून ते पाळतात, आणि रात्री साखळीने अंगणातील खुंट्यास बांधून स्वतः दार लावून निजतात. त्या गरिबास पळताही येत नाही. ते राखण करीत नसून आमिषाचे काम करीत असते. कुत्रे रात्री घरात किंवा गोठ्यात घ्यावे. त्याचे कान तेथूनही तितकेच तिखट असतात.

ह्यालाच जोडून केरकचऱ्याची गोष्ट येते. कोंबड्यांच्या शेडांतील मेलेली पाखरे, खाटिकखान्याची घाण व लग्नकार्यातील उष्टे वस्तीजवळच्या ओढ्यात टाकण्याची जी चाल पडली आहे, तिने भटकी कुत्री व डुकरे जमतात, आणि त्यांच्यामागे बिबट्या. मेलेली पाखरे खोल खड्ड्यात चुना घालून पुरावीत. ह्यास खर्च जवळजवळ नाही. श्रम मात्र आहेत, आणि म्हणूनच बहुधा ते होत नाही.

आता दिवा. मुलांनी हा हिशेब वहीत करून पाहावा. ९ वॅटचा एक एलईडी दिवा रात्रीचे ११ तास जळाला तर ९९ वॅट-तास, म्हणजे एका युनिटचा सुमारे दहावा हिस्सा, वीज लागते. महिन्यास फार तर तीन युनिटे. इतक्या थोड्यासाठी अंगण अंधारात ठेवणे हा काटकसरीचा विपर्यास होय. परंतु दिवा कोठे लावावा हे अधिक महत्त्वाचे. बहुतेक घरी तो दारावर असतो व त्याचा उजेड दारात उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांवर येतो. त्यामुळे अंगणापलीकडचा अंधार उलट अधिकच दाट होतो. दिवा उंचावर, तोंड उसाकडे व पायवाटेकडे करून लावावा. भारनियमन असेल तेथे सौर दिवा उपयोगी पडतो. दिव्याने बिबट्या पळून जातो असे मात्र कोणी समजू नये. दिवा त्याच्यासाठी नसून आपल्याला दिसावे ह्यासाठी आहे.

दिव्याहूनही स्वस्त उपाय म्हणजे मोकळी जागा. बिबट्या दबा धरून अगदी जवळ येतो व मग झडप घालतो. शेवटचे अंतर उघड्यावरून चालत यावे लागले तर तो कचरतो. उसाच्या सऱ्या थेट ओट्यापर्यंत नेण्याचा मोह आवरून, घराभोवती वीस-तीस फूट पट्टा ठेवावा आणि त्यात कांदा, भुईमूग, मेथी असे बुटके पीक घ्यावे. हत्तीघास घराला खेटून लावू नये. पालकांपैकी कोणी म्हणतील की, तेवढ्या पट्ट्यातील उसाचे नुकसान झाले. कांद्याचेही पैसे होतातच. आणि ज्या ओट्यावर मूल अभ्यासास बसते, त्याच्यापुढील वीस फुटांचा भाव उसाच्या टनांत काढता येत नाही.

शौचकूप व नळ घराला जितके जवळ तितके बरे; ते दूर असतील तर मधल्या वाटेवर उजेड असावा. दिवस मावळल्यावर मुलास तेथे एकटे पाठवू नये. बिबट्याचे भय उभ्या माणसापेक्षा वाकलेल्या, बसलेल्या व लहान मूर्तीस अधिक असते. म्हणून गवत कापणारी बाई आणि ओट्यावर खेळणारे मूल ही दोघे सर्वांत जपावयाची. शेतीची वीज पाळीपाळीने कधी दिवसा व कधी रात्री येते, तेव्हा रात्री पाणी भरावयास जाणे टळत नाही. अशा वेळी दोघांनी जावे, हाती बॅटरी व काठी असावी, आणि मोठ्याने बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावून चालावे. एरवी शाळेत आम्ही त्या यंत्रास मनाई करितो. येथे ते खरोखर कामाचे आहे.

एक गोष्ट कधीही करू नये. घराभोवतीच्या किंवा पिकाच्या तारेत आकडा टाकून विजेचा प्रवाह सोडण्याचा प्रकार काही लोक करितात. तो गुन्हा तर आहेच, शिवाय त्या तारेस बिबट्यापूर्वी आपलेच मूल किंवा शेजाऱ्याची गाय लागण्याचा संभव फार. सौर कुंपणाच्या यंत्रातून क्षणभर झटका बसतो व प्रवाह तुटतो. त्याची गोष्ट निराळी.

बिबट्याची चर्चा गावोगाव होते, पण अंगणातील दुसरा शत्रू मुकाट असतो. घराला टेकून रचलेली लाकडे, विटांचा ढीग, कडब्याची गंजी आणि सांडलेले धान्य ह्यांत उंदीर होतात, व उंदरांमागे साप येतो. नाग, घोणस, फुरसे व मण्यार ह्या चार विषारी जातींपैकी मण्यार रात्री घरात शिरून जमिनीवर निजलेल्या माणसास चावते, आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतही नाही. माणूस पहाटे पोट दुखते किंवा पापण्या जड झाल्या म्हणून उठतो. म्हणून रचलेले सामान भिंतीपासून दूर न्यावे, बिळे सिमेंटने बुजवावी, दाराखालच्या फटीस रबराची पट्टी ठोकावी, आणि खाटेवर मच्छरदाणी गादीखाली खोचून निजावे. दंश झालाच तर जखम कापू नये, दोरीने आवळू नये, मांत्रिकाकडे वेळ दवडू नये. अंग न हालविता रोग्यास प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयात न्यावे. सर्पदंशाच्या उपचारासाठी झटणारे डॉ. सदानंद राऊत आपल्या नारायणगावचेच आहेत, हे आपल्या भागाचे भाग्य.

विहिरीस कठडा बांधावा, हे वास्तविक सांगावे लागू नये. कठडा नसलेल्या विहिरीत भक्ष्यामागे धावणारा बिबट्याही पडतो, आणि मग त्यास पाहण्यासाठी जमलेली गर्दी त्याच काठावर उभी राहते! शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद इतका निसरडा असतो की, पट्टीच्या पोहणाऱ्यासही वर येता येत नाही. तळ्याच्या चारी बाजूंस गाठी मारलेले दोर पाण्यात सोडून वर खुंट्यास पक्के बांधून ठेवावे. काही शेकड्यांचे हे काम आहे.

घरात दाराजवळ ठळक अक्षरांत दोन आकडे लिहून ठेवावे: वनखात्याचा १९२६ आणि रुग्णवाहिकेचा १०८. बिबट्याने शेळी मारली तर वनखात्यास लगेच कळवावे व पंचनामा होईपर्यंत ती हलवू नये, म्हणजे भरपाई मिळण्यास अडचण पडत नाही.

ऊसतोडणीच्या दिवसांविषयी सांगावयाचे राहिले. तोडणी चालू असता सरीत बिबट्याची पिल्ले सापडली, तर ती उचलून घरी आणू नयेत व त्यांजबरोबर छायाचित्रे काढीत बसू नये. मादी जवळच असते. वनखात्याची माणसे ती पिल्ले तपासून संध्याकाळी त्याच जागी पेटीत ठेवितात, आणि बहुधा रात्रीच मादी येऊन एकेक उचलून नेते. तिची पिल्ले नाहीशी झाली तर ती त्या वस्तीभोवती कित्येक दिवस घिरट्या घालते. तोडणीकामगारांच्या कोप्या उघड्या रानात असतात व त्यांची मुले पाचटावर निजतात. मळेवाल्याने त्यांस एक दिवा व निजण्यास बंदिस्त जागा द्यावी. आणि आपला ऊस तुटणार असेल तेव्हा शेजारच्या वस्तीस आदल्या दिवशीच निरोप द्यावा, कारण आपल्या शेतातून उठलेले जनावर त्या रात्री त्यांच्या शेतात असेल.