काळ्या पाषाणातील पाणी

अजिंठ्याची लेणी ज्यात कोरली, तो काळा पाषाण एकजिनसी नाही, हे भूविज्ञानाच्या विद्यार्थ्यास प्रथम उमगते. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून दख्खनचा बसाल्ट बनला. त्यातील घट्ट, अभंग थरात पाणी मुरत नाही. भेगाळलेल्या वा झिजलेल्या थरात ते साठते. म्हणूनच शेजाऱ्याच्या विहिरीस पाणी असूनही आपला बोअर कोरडा जातो. कर्ज तेवढे डोक्यावर राहते. आपल्यापैकी अनेक पालकांनी हे सोसले असेल. थरांचा व भेगांचा माग काढणे हे भूविज्ञानाचे काम. उपसा किती, पुनर्भरण किती, पाण्यात खतांचे नायट्रेट उतरले काय, हे पर्यावरण विज्ञान तपासते. दोन्ही शिकलेला आपला विद्यार्थी बांधावर उभा राहून म्हणू शकेल, “काका, येथे खोदण्यापूर्वी थांबा.”